हिरव्या टोपीवाल्याची पेटी

ता. पारोळा
१८ सप्टेंबर १९९४

हिलाल,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडण. चैत्रात घर सोडून गेलास आणि भादवा अर्धा सरला, तरी बहिणीला चार ओळी लिहायला तुझा हात धजत नाही? सुरतेजवळच्या उधन्याचा तुझा पत्ता मी कौतिकच्या आईकडून मिळवला. तिच्या पोराचं कार्ड येतं, त्यात अगदी तळाला बारीक अक्षरात असतं, 'हिलाल बरा आहे.' मागाच्या एकाच कारखान्यात कामाला आहात, एकाच खोलीत राहता, म्हणून स्वतःची खुशालीसुद्धा कौतिकच्या कार्डात बसवून पाठवतोस होय रे? मोठा हिशेबी झालास.

मी गणपतीच्या आधीपासून इथे आपल्या घरीच आहे. तुझे दाजी यावल डेपोला, त्यांच्या ड्यूटीचा काही नेम नाही. म्हणाले, थोडे दिवस आबांकडे राहा. म्हणून आले. दुसरं काही नाही.

आता खरी बातमी. माळ्यावरून गोधड्या काढताना तुझा टीव्हीगेम सापडला. आबांनी अंगणात भिरकावला होता तोच. मला वाटलं होतं त्याचा चुरा झाला असेल, पण नुसता कोपरा फुटलाय. बाकीच्या कॅसेटी तू नेल्यास की पोरांनी लांबवल्या ते माहीत नाही, एकच उरली आहे. ती जपानी. जिच्यात लाल टोपीवाला पुढे चालतो आणि हिरवा टोपीवाला त्याच्या मागे. ओसरीवर पोरांची रांग लागायची तेव्हा तू सांगायचास, लाल टोपीवाला म्हणजे खेळणारा गिऱ्हाईक आणि हिरवा म्हणजे मी, सोबतीला.

मी दुपारी लावून बसले होते आणि आबा अवचित शेतातून आले. वाटलं, आता हा दुसऱ्यांदा अंगणात जाणार. आबा तांब्याभर पाणी प्यायले, उभ्याउभ्याच बघत राहिले आणि म्हणाले, "मांगेमांगे चालस तो कोन शे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तो हिलाल."

आबा पाय धुवायला गेले. पण दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर स्वतः येऊन पाटावर बसले. हिलाल, तुझी शपथ, खोटं सांगत नाही. 'पोरं बिघडवायचा धंदा' म्हणून ज्यांनी तुझं खोकं फेकलं, चार माणसांत तुला 'तू माले मरी गया' म्हणाले, तेच आबा आता रोज दुपारी खेळतात. तुझं नाव अजून घेत नाहीत. संध्याकाळी मला विचारतात, "हिरवी टोपीनं कसं काय?" मी म्हणते, बरं आहे.

तुझी,
अक्का

ता. क. आबांना कळवल्याचं कळू देऊ नकोस.


२४ सप्टेंबर १९९४

हिलाल,

रेडिओवर ऐकलं. सुरतेत प्लेग. आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं, हा तर आजीच्या गोष्टीतला रोग. मग पेपर आला, त्यात तोंडाला फडकी बांधलेल्या माणसांचा फोटो. गर्दीने स्टेशन भरलेलं. त्या फोटोतला एकेक चेहरा मी भिंग घेऊन बघितला. आबा म्हणाले, "काय शोधस?" मी म्हटलं, काही नाही, भाव बघते कापसाचा.

तू निघालास का? निघाला नसशील तर निघ. निघाला असशील तर हे पत्र कुणाच्याही हाती पडो, मला काही वाटणार नाही. पोस्टमन म्हणतो, तिकडचं टपाल पोचतं की नाही कोण जाणे. तरी टाकते आहे. हात स्वस्थ बसत नाही.

घरातलं सांगते म्हणजे तुला बरं वाटेल, आणि मलाही. आबांचा खेळ तुला बघायला हवा होता. जपानी अक्षरांचं त्यांना काहीच वाटत नाही. माझीच पंचाईत होते, वाचता येत नाही म्हणून मी अडते. आबा ओळींची जागा धरतात. मारामारी सुरू झाली की चार ओळी येतात ना, त्यातली वरची म्हणजे मार, दुसरी जादू, तिसरी पाला खाऊन अंग भरून काढायची, आणि चौथी म्हणजे पळ. चौथीला आबा हात लावत नाहीत. गावाबाहेरच्या गवतात तो बेडूक येतो, तो काटेरी भोपळा येतो, आबा दर वेळी वरचीच ओळ. मी म्हटलं, आबा, टोपीवाल्यांचा जीव लाल झालाय, आता पळा. तर म्हणे, "पयनार नही. पयनं आपला घरमा नही." आता यात घराण्याचा काय संबंध? पण सांगणार कोण.

आणि पुलापलीकडे जात नाहीत. नदीवर पूल आहे, पलीकडे दुसरं गाव दिसतं, पण आबा अलीकडेच. गवतात फिरायचं, चार मारामाऱ्या, परत गावात, मुखियाच्या घरात जाऊन त्याला विचारायचं म्हणजे तो खेळ जपून ठेवतो, पुन्हा गवतात. शेताच्या बांधावर फेऱ्या मारतात तसंच. लाईट जायच्या आत मुखिया गाठायचा म्हणून त्यांना घाम फुटतो. परवा वेळेआधीच लाईट गेली तर केवढे हळहळले. "बठ्ठी मेहनत गई."

काल मात्र उंदीर आले. मोठे, दात विचकणारे, तीन. तुला ठाऊकच असतील. माझ्या अंगावर काटा आला, कारण सकाळीच दवंडी झाली होती की घरात मेलेला उंदीर दिसला तर हात लावू नका. आबांनी पाट पुढे ओढला आणि मारत सुटले. हिरव्याचा जीव कमी कमी होत गेला. मी ओरडले, पळा, चौथी ओळ दाबा. नाही दाबली. उंदीर मेले, पण हिरवा टोपीवाला दिसेना. त्याच्या जागी एक पेटी. लांबट, वर फुलीचं चिन्ह. लाल टोपीवाला चालला की पेटी त्याच्या मागून सरकते.

मी म्हटलं, "आबा, हे काय झालं?"

आबांनी नीट बघितलं. "दवाखानानी पेटी शे ती. वर फुली दखात नही का? ॲम्ब्युलन्सवर ऱ्हास तशी. आराम करी ऱ्हायना तो." आणि अगदी समाधानाने पुढे चालू लागले.

पत्र लिही. 'जिवंत आहे' एवढे दोन शब्द पुरेत.

अक्का


२८ सप्टेंबर १९९४

हिलाल,

हे पत्र तुला कसं लिहावं कळत नाही, पण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे.

काल चावडीत गाव बसलं. आबांनीच नियम मांडला, सुरतेहून जो कोणी येईल त्याला गावात घ्यायचं नाही, हायस्कूलमागच्या जुन्या मराठी शाळेत ठेवायचं, नर्सबाई बरा म्हणतील तोवर. जेवण दारात ठेवायचं. नर्सबाई सोडून आत कुणी जायचं नाही, गेला तर त्यानेही तिथेच राहायचं. चिंधा पाटलांनी विचारलं, "आबा, तुमना पोऱ्याबी तठेच शे. तुम्हीन काय सांगतस?" सगळे आबांकडे बघायला लागले. आबा म्हणाले, "नियम बठ्ठासले सारखा." आणि शाळेची किल्ली त्यांच्याच कडोसरीला आली.

घरी आल्यावर मी भाकरी आपटून वाढली. तेव्हा आबांनी माझ्या पोटाकडे बोट केलं.

हो रे. तेच सांगायचं राहिलं होतं. मला सातवा सरून आठवा लागलाय. पहिलं पोर राहिलं नाही ते तुला माहीत आहे. म्हणून या वेळी कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, तुलासुद्धा नाही. आबांनी नियम कोणासाठी केला हे मला कळलं, आणि त्यांचा राग करायची सोयही गेली. तू दारात उभा राहिलास आणि मला दार लावावं लागलं तर? रात्रंदिवस डोक्यात तेवढंच आहे.

आबांचा खेळ चालूच आहे. पेटी मागे घेऊन. एकट्या लाल टोपीवाल्याला आता भोपळासुद्धा जड जातो. गावात एक घर आहे, त्याच्या दारावर तशीच फुली. आबा म्हणाले, हाच दवाखाना. आत पांढऱ्या कपड्यातला माणूस आहे, तो काहीतरी विचारतो आणि दोन शब्द येतात, वर एक, खाली एक. आबा दर वेळी खालचा दाबतात आणि बाहेर पडतात. मी विचारलं, वरचा का नाही दाबत? तर म्हणाले, टेबलामागे बसलेला माणूस आपल्याला न समजणारं काही विचारत असेल तर 'नाही' म्हणावं, त्यात धोका नसतो. तलाठी झाला, सोसायटी झाली, जन्मभर असंच सांभाळलंय म्हणे. आणि आराम तर चालू आहेच, पेटी आहे ना सोबत.

कुठे आहेस तू?

अक्का


२ ऑक्टोबर १९९४

हिलाल,

उधन्याच्या पत्त्यावर टाकण्यात आता अर्थ नाही हे मला कळतं. तरी तिथेच टाकणार आहे. दुसरा पत्ता माझ्याजवळ नाही.

काल सकाळी कौतिक आला. एकटा. त्याला सरळ शाळेत नेलं. आबांनी स्वतः कुलूप उघडलं, तो आत गेल्यावर लावलं आणि लांब निंबाखाली जाऊन उभे राहिले. मी घरी होते, पण हे सगळं मला शेजारच्या धनसिंगच्या बायकोने शब्दन् शब्द सांगितलं. आबा तिथूनच ओरडले, "मना पोऱ्या कोठे शे?"

कळलं का तुला? 'मना पोऱ्या' म्हणाले. चैत्रानंतर पहिल्यांदा.

कौतिक खिडकीशी आला आणि रडायला लागला. "आबा, हिलालभाऊले ताप व्हता. आम्ही संगेच निंघनूत. टेसनवर गर्दीमा हात सुटी गया. गाडी निंघी गई. तो मांगेच ऱ्हायना."

आबा घरी आले ते सरळ पाटावर बसले. टीव्ही लावला. माझ्या डोक्यात नुसते प्रश्न. ताप म्हणजे कसला ताप, खोकला होता का, कुणी पाणी तरी दिलं असेल का. आबा नुसते गवतात फिरत होते, पेटी मागे सरकत होती.

तेवढ्यात कमलबाई आल्या. सरकारी दवाखान्यातल्या नवीन नर्सबाई, नवापूरकडच्या आहेत, ख्रिश्चन. माझी तपासणी करायला दर आठवड्याला येतात. हात धुतले, मला आडवं केलं, बाळाचे ठोके ऐकले, ठीक आहे म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष टीव्हीकडे गेलं.

"आबा, हा कोण वारला?"

"कोन वारना?" आबांनी मान वळवली.

"ही पेटी कोणाची?"

"दवाखानानी शे."

कमलबाई टीव्हीजवळ गेल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "नाही आबा. हा दवाखान्याचा क्रॉस नाही, आमचा आहे. आमच्यात माणूस गेला की त्याला अशाच पेटीत ठेवून पुरतात. माझ्या वडिलांची अशीच होती."

आबांच्या हातातून तो बटणांचा डबा खाली पडला. हिलाल, मी आबांना आई गेली तेव्हाही असं बघितलं नव्हतं. इतके दिवस ते तुला... म्हणजे हिरव्याला... मागे ओढत फिरत होते आणि आराम करतोय म्हणून समाधानात होते. आणि मला एकच आठवत होतं, ते चार माणसांत बोललेलं वाक्य. आबांनाही तेच आठवत होतं. ते आपणहून म्हणाले, "मी सांगं ना त्याले. मीच सांगं, मरी गया म्हनीसन." आणि धोतराचा सोगा तोंडात धरून रडले. माझ्यासमोर, नर्सबाईंसमोर.

कमलबाई बिचाऱ्या घाबरल्या. त्यांना तुझं काहीच माहीत नव्हतं. मी थोडक्यात सांगितलं. त्या खाली बसल्या, बटणांचा डबा उचलला आणि म्हणाल्या, "आबा, खेळात आहे ना हे. पेटी दिली आहे म्हणजे तिचं काहीतरी करता येत असणार. त्या फुलीच्या घरात चला. तो दवाखाना नसेल, देऊळ असेल आमचं. आत फादर असतील."

"तो माणूस काहीतरी विचारस. मी नही म्हनस."

"मग एकदा हो म्हणा."

आबा गेले. पांढऱ्या कपड्यातल्या माणसाने विचारलं. दोन शब्द आले. आबांनी अंगठ्याने वरचा शब्द धरला. दाबला. गेमच्या पिशवीतली सगळी कमाई, इतक्या बेडकांची आणि भोपळ्यांची, एका झटक्यात गेली. छोटंसं गाणं वाजलं. पेटी नाहीशी झाली आणि हिरवी टोपी उभी.

आबांनी मुखियालासुद्धा गाठलं नाही. टीव्ही तसाच चालू ठेवून उठले, पायात वहाणा घातल्या, पैरण चढवली. मी विचारलं, कुठे? "अंमळनेर. टेसनवर. सुरतनी गाडी तठे येस."

तेव्हापासून जाऊन येऊन आहेत. प्रत्येक गाडीला. शाळेची किल्ली कडोसरीलाच आहे. तू सापडलास तर ते तुला कुठे नेतील, घरी की शाळेत, हे मी विचारलं नाही. विचारायची भीती वाटते.

ये रे बाबा.

अक्का


६ ऑक्टोबर १९९४

हिलाल,

पहिल्यांदाच नव्या पत्त्यावर लिहिते आहे, जुनी मराठी शाळा, आपलं गाव. इथून निंबाचा शेंडा दिसतो मला. एवढ्या जवळ असून पत्र लिहावं लागतंय. हे पत्र कमलबाईंच्या हाती देते, त्या कॅप्सुला द्यायला आत येतात तेव्हा देतील. लगेच वाच, तुझ्याकडे वेळ थोडा आहे.

आधी चांगलं. कमलबाई म्हणाल्या, तुझा ताप थंडी वाजून येतो आणि घाम येऊन उतरतो, खोकला नाही, काखेत जांघेत गाठ नाही. बहुधा मलेरिया असेल. पण रक्ताचा अहवाल येईपर्यंत नक्की काही नाही, आणि तोवर कुणी जवळ जायचं नाही. 'बहुधा' हा शब्द मी आज सकाळपासून तोंडात धरून बसले आहे.

आता आबा. काल तू गाडीतून उतरलास आणि ते तुझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, हे मला कौतिकने शेजारच्या वर्गाच्या खिडकीतून सांगितलेलं फिरत फिरत कळलं. पुढे पुढे चालत राहिले, तू मागे. शाळेपाशी कुलूप काढलं, तू आत गेलास, कुलूप लावलं. तू म्हणे भिंतीकडे तोंड करून झोपलास. मी असते तर मीही तेच केलं असतं.

पण त्यानंतरचं तुला ठाऊक नाही. आबा घरात आलेच नाहीत. बाहेर ओट्यावर अंघोळ केली, ओट्यावरच बसले. मी दारातून विचारलं, काय म्हणाला तो? तर म्हणाले, "मी मांगे वयीसन दखंच नही. पाय वाजेत, तेवढंच ऐकत गऊ. वाटे, मांगे दखसू आन पेटी ऱ्हाई." तुझ्या नुसत्या पावलांच्या आवाजावर ते अंमळनेर स्टेशनपासून शाळेपर्यंत आले, हिलाल. राग नव्हता तो. भिऊन आले.

रात्री जेवले नाहीत. मला म्हणाले, "नियम मी करा. मी मोडसू तर गाव काय म्हनी?" मी म्हटलं, मोडायला कोण सांगतंय? नियम काय आहे, आत जाईल त्याने आतच राहायचं. माझ्याकडे बघत राहिले. मग पोटाकडे. मला आठवा चालू आहे, घरात दुसरं माणूस नाही, हे मला सांगायला नको होतं. मीच म्हटलं, सकाळच्या एसटीने यावलला निरोप गेलाय, दाजी रजा टाकून येताहेत. कमलबाई आहेत. मला काही होणार नाही. हे मी ठासून सांगितलं. मला काय वाटतं ते तुला सांगते, मला फार भीती वाटते. बाळाची, तुझी, आता आबांचीही. पण ते ओट्यावर बसून झिजण्यापेक्षा तुझ्याजवळ गेलेले मला चालतील.

आणि आज सकाळी उठून बघते तर आबा टीव्हीला गोधडी गुंडाळताहेत. मी म्हटलं, हे काय? माझ्याकडे न बघता म्हणाले, "शाळामा लाईट शे. तो एकटा पडेल शे. खेयी जरासा." मी म्हटलं, छान, दारात ठेवून या. तर म्हणाले, "दारमा कसं जमी? वायर आखूड शे."

मला वाटलं, चुकून बोलले. बैलगाडीत टीव्ही ठेवताना पुन्हा म्हणाले, मी काही विचारलंही नव्हतं. "वायर आखूड शे ना. खियाडाले जवयच बसनं पडस."

खेळवायला म्हणे जवळच बसावं लागतं. तेव्हा मला कळलं. तूही समजून घे. आबांना 'मी तुझ्याजवळ राहायला आलो' असं म्हणता येत नाही, जन्मभर कुणाला म्हणाले नाहीत. म्हणून ही वायर.

किल्ली त्यांनी चिंधा पाटलांकडे देऊन टाकली आहे. बाहेरून कुलूप लावायला सांगितलं आहे, दोघांवर. वळकटी गाडीत आहे, तांब्या आहे, तुझी ती निळी शालही. दोन्ही बटणांचे डबे घेतले आहेत. मी म्हटलं, या खेळात दुसरा डबा चालत नाही, एकालाच खेळता येतं. "ऱ्हाऊ दे. हातमा धरी बससू."

तेव्हा ऐक. गाडीचा आवाज आला की उठून बस. भिंतीकडे तोंड करू नकोस. त्यांना 'आत येऊ नका, लागण होईल' असलं शहाणपण सांगू नकोस, ते सगळं त्यांना ठाऊक आहे, नियम त्यांचाच आहे. वायर खरंच आखूड आहे का हे बघायला जाऊ नकोस. पुलापलीकडे काय आहे ते त्यांना माहीत नाही, ते तू दाखव. आणि उंदीर आले तर हात धरून चौथी ओळ दाबायला लाव. या वेळी दाबतील.

बैल जुंपले. मी दारात उभी आहे, आबा वळून बघताहेत. कमलबाई सायकलवर पुढे निघाल्या, त्यांना हे देते.

आशीर्वाद शेवटी देईन म्हटलं होतं. दिला. आता दाराकडे बघ.

तुझी,
अक्का